पावलाच्या वरच्या बाजूला

१२ जानेवारी
आज डिसेक्शनला पावलाची वरची बाजू सुरू केली. इथली कातडी इतकी पातळ, की सुरी टेकली तरी खोल जाते. माझी गेलीच. कातडीबरोबर एक बारीक मज्जातंतूही तोडला. टेबलापाशी माझ्याबरोबर काम करणारा वर्गमित्र – आम्ही त्याला लांबू म्हणतो – म्हणाला, "बटाटा सोलतेस का? हलक्या हाताने."
देह एका म्हाताऱ्या गृहस्थांचा आहे. त्यांची मनातल्या मनात माफी मागितली. पायांची नखं नीट कापलेली आहेत. कोणीतरी कापून देत असणार.

१३ जानेवारी
संध्याकाळी बाबांचा पाय मांडीवर घेऊन सराव. अंगठा वर उचलला, की त्याची कंडरा दोरीसारखी उभी राहते. तिच्या शेजारून धमनी. पेनाने रेघ काढली.
"गुदगुल्या होतात गं, डॉक्टरीणबाई."
उजव्या पायात नाडीचा ठोका लगेच लागला. डाव्यात लागेना.
"त्या बाजूची लाइट गेली असेल."
माझं बोट चुकत असणार.

१६ जानेवारी
टेबलावरच्या आजोबांच्या डाव्या पायातही ती धमनी नुसती दोऱ्याएवढी निघाली! मॅडम म्हणाल्या, काहींची जन्मतःच अशी असते, रक्त दुसऱ्या वाटेने येतं. मी बाबांचं सांगितलं. "घोट्यामागचा ठोका पाहिलास? चालताना पोटरी दुखते का त्यांची?"
घरी येऊन बाबांना विचारलं. दुखत नाही, म्हणाले. घोट्यामागे पाहिलं नाही, पण एकदम हलकं वाटलं.
त्यांना म्हटलं, तुमचा पाय दुर्मिळ आहे. त्यांनी ते आईला दोनदा ऐकवलं.

१९ जानेवारी
बाबांबरोबर भाजी आणायला गेले. चढावर ते दोनदा थांबले, खाली वाकून. "लेस सुटली गं. हो पुढे." मी पुढे जाऊन उभी राहिले.

२० जानेवारी
आईला सहज म्हटलं, बाबांना नवी लेस आणू या, सारखी सुटते.
आई कपड्यांच्या घड्या घालत होती. थांबली. "अगं, त्यांच्या बुटांना लेस आहे कुठे?"
म्हणजे चढावर वाकून पोटरी चोळत होते ते.
बाबांच्या डाव्या घोट्यामागे बोटं ठेवली. तिथेही काही नाही.
"तुझी परीक्षा होऊ दे म्हटलं. मग सांगू."
भांडले नाही. त्यांना मोजे चढवून दिले.

२४ जानेवारी
बाबांची तपासणी झाली. डाव्या मांडीतली धमनी जवळजवळ बंद. सर्जन म्हणाले, "वेळेत आणलंत. अजून थांबला असतात तर पाय..." फुगा घालून वाट मोकळी करणार आहेत.
आई फायलीतले कागद पुन्हा पुन्हा लावत होती. बाबा तिला म्हणाले, "लाइटवाले येतायत, घाबरतेस काय!"

२७ जानेवारी
झालं. अंगठ्याच्या कंडरेशेजारी बोट ठेवलं. ठोका आहे. नर्स दोनदा म्हणाली, "झालं का हो तुमचं?" बोट उचलवेना.

२ मार्च
बाबा चढावर कुठेही थांबले नाहीत. मला मागे टाकून गेले. वर पोचून हाक मारली, "काय गं, काय झालं?"
मी डोळे पुसायला खाली वाकले होते. "लेस सुटली. व्हा पुढे."
पायांत चपला होत्या.