मुक्ताच्या पृथ्वीत आपली गच्ची

अहो,

मुक्ता म्हणते, वर ‘प्रिय’ लिहू. म्हटलं, नको गं बाई! जन्मभर ‘अहो’वर भागलं. आता प्रिय म्हटलं तर हे मागे वळून बघतील, कोणाला हाक मारली म्हणून!

सांगते मी, लिहिते आपली नात. मला अक्षर येत नाही, त्यात तुमचाही वाटा आहे. शिकवायला बसायचात आणि पाटी माझ्या हातात देऊन स्वतःच पेंगायचात. आज पत्र अशासाठी, की ही पोरगी पुण्याची नोकरी सोडायला निघाली आहे. माझं ऐकत नाही. तुमचं ऐकायची. म्हणून तुम्हाला सांगते. लिहिता लिहिता तिला ऐकावंच लागेल.

गेल्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. भर दुपारी बाड्यावरच्या बाजारात काय ठेवलं होतं हो? अंग भाजणारी लू सुटलेली, कुत्रीसुद्धा नालीत बसलेली, आणि तुम्ही निघालात खिशात कांदा घालून! “कांदा असला की लू लागत नाही.” परत आलात, पन्हं मागितलंत, अर्धं प्यालात आणि आडवे झालात, ते झालातच. कांदा खिशात तसाच. त्याला मेल्याला काही झालं नाही.

हिचं काम तुम्हाला कधी नीट कळलं नाही. शेजारी सांगायचात, “पाऊस येणार की नाही ते बघते.” मला आता कळलंय, ऐका. कॉम्प्युटरमध्ये यांची एक पृथ्वी असते. हवा, समुद्र, बर्फ, जंगलं, सगळ्यांचं गणित मांडून ती चालवायची. मग तीच पृथ्वी पुन्हा चालवायची, माणसांनी केलेला धूर काढून. दोन्ही शेजारी ठेवायच्या आणि ताडून बघायचं, हे ऊन आपल्या धुरानं किती वाढलं.

“त्यात माणसं असतात का गं?”

“नाही आजी, सिर्फ उनका धुआँ.”

बघा! माणसं नाहीत आणि धूर तेवढा राहिला.

म्हटलं, आपलं घर तरी दाखव. तर सगळ्या पृथ्वीचे चौकोन पाडलेले, आणि आपलं अख्खं ग्वाल्हेर एका चौकोनात! किल्ला, बाडा, माधवगंज, दर्पण कॉलनी, सगळ्यांना एकच ऊन. माधवगंज सोडून इथे दर्पण कॉलनीत आलो म्हणून किती दिवस फुगून बसला होतात! मुक्ताच्या पृथ्वीत आपण घर बदललंच नाही.

“आणि संध्याकाळी गच्ची शिंपतात, ते?” “इतकं बारीक नाही दिसत त्यात.”

बादल्या तुम्ही ओतायचात. गरम वाफ उठायची, मातीचा वास यायचा, मग गाद्या पडायच्या. तुम्ही गेल्यावर गच्ची कोणी शिंपली नाही. मी खालीच निजते. पंख्याखाली झोप लागते हो, पण डोळे उघडले की वर नुसतं छत.

तर झालं असं, गेल्या वर्षीचा आपल्याकडचाच उन्हाळा हिच्या वाट्याला आला. दोन्ही पृथ्व्या चालवून झाल्यात. ताडून बघायला हात धजत नाही. म्हणते, “त्या लाल चौकोनात आजोबा आहेत. मी उन्हाचाच अभ्यास करते, आणि तेच आपल्या घरात शिरलं. काय उपयोग माझा?”

मी विचारलं, “धूर काढलेल्या पृथ्वीत हे झोपून उठले असते का गं?”

मग म्हणाली, “आजी, मॉडेल एका माणसाचं नाही सांगत. एका दुपारचंही नाही. असं ऊन एरवी किती क्वचित आलं असतं आणि आता किती वेळा येणार, एवढंच.”

मला राग आला. खरं सांगू? मला ती दुसरी पृथ्वी हवी होती. तिथे तुम्ही पन्हं संपवून घोरत असाल आणि मी त्यावरून बोलत असेन. मला तिथे जाऊन नुसतं बसायचं होतं हो!

मग वाटलं, तुमचं सांगत नाही, तर कोणाचं सांगते? ज्यांचे हट्टी म्हातारे अजून जिवंत आहेत, त्यांचं. ज्यांना अजून दारातून मागे ओढता येईल, त्यांचं. ते हिनं अर्धवट टाकायचं?

लिहायची थांबली बघा. “ये मैं नहीं लिखूँगी, आजी.” लिही म्हटलं. मी आजोबांशी बोलतेय, तुला काय करायचंय!

म्हणते, इथेच राहते तुझ्यापाशी. किती गोड वाटतं ऐकायला! ती आल्यापासून चहा दोन कपांचा होतो, भांड्यात सवयीनं दोन कप पाणी ओतलं तरी चुकत नाही. मी हो म्हटलं असतं. आजही जीभ वळवळते.

पण शब्द देते तुम्हाला. या आठवड्यात तिला मी स्वतः पुण्याच्या गाडीत बसवीन. स्टेशनवर डोळ्यांत पाणी आलंच तर धूळ गेली म्हणेन. ताडून झालं की तिनं पहिला फोन मला करायचा. जे निघेल ते मी बसून ऐकेन. आणि त्या दिवशी स्टेशनवरून घरी येऊन एका कपाचा चहा टाकीन.

तुमचीच,
मुक्ताची आजी