शेण चोळलेली सरकी

अमडापूर, १८ मे २००९

प्रिय कुमुद,

अनेक आशीर्वाद. इकडे उन्हाखेरीज तक्रार नाही.

तुझं पत्र मायनं माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. आता ती आळीला क्रोमॅटिन शिकवते. काल जनकाकाकूला म्हणाली, "पेशीत धागा गुंडाळेल राह्यते. सरकीतल्या पिवळ्या रसानं गुंडाळी सैल होते का घट्ट, हे माही कुमुद पाहून राह्यली. सैल झाली का झोपेल गुण जागा होते."

"अन् थोरली काय करते वं?"

"ते? ते हाये न घरी."

एकाच मायच्या पोटच्या आपण, धागा तोच. तुझी गुंडाळी कशानं सैल झाली आणि मला कोणता काढा पाजला, यावरही एक प्रयोग कर.

तुला देशी कापसाची सरकी हवी होती. गाव सारं बीटीच्या पाकिटांमागे. पाकिटावरच्या चित्राएवढं बोंड मात्र अजून कोणी पाहिलं नाही. देशी वाण राहिलं ते मायच्या विहिरीजवळच्या एका ओळीत. गेल्या साली मी मूठभर मागितलं, तर म्हणाली, "बियाणं खेळाले नसते." तुझ्यासाठी मात्र सारी टोपली रिकामी केली.

परवा गिरणीतून आले, तर माय शेणमातीच्या काल्यात तीच सरकी चोळत बसलेली. पेरणीआधी लव बसवायला चोळतात तशी.

"अवं माय, तिले तपासाची हाये, पेराची नाही!"

"बी हाये न? मंग उगवलंच पाह्यजे. काऊन वाया जाऊ देऊ माह्या पोरीचं?"

तू कोरडी, स्वच्छ सरकी लिहिली होतीस. यात तुला कापसापेक्षा म्हैसच जास्त सापडली असती आणि तुझं काम पुढच्या कापसापर्यंत अडलं असतं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. चहा केला.

पण टोपलीतली एक मूठ मी आधीच चोरली होती. स्वतः पेरायला. ती कोरडी आहे, या पत्रासोबत तीच पाठवतेय. माझ्या चोरीवर तुझं संशोधन चालेल. मायला मात्र कळव, तिचीच पोचली म्हणून.

शेणाची मी ठेवून घेतली. एकेक बी तिनं दोन बोटांत धरून चोळलंय, तुझं नाव घेत. पाऊस पडला की शेताच्या कडेला, दूरच्या धुऱ्यावर पेरीन, तिला न सांगता. उगवलं तर तुझ्या नावाचं उगवेल, ठाऊक आहे. पण पाणी मी घालीन.

तुझी,
घरी हाये ते,
संजीवनी