नाकातल्या औषधाचे दोन तास

माय, आज पाय लय दुखून राह्यले. सकाळच्या पहिल्या गाडीनं माह्या लेकीले घेऊन अकोल्याले दवाखान्यात गेली होती, आत्ता चार वाजता वाशीमले तिच्या घरी परत आलो. लेक आतल्या खोलीत पडली आहे, तिची पोरगी ओट्यावर बाहुलीसंगं खेळून राह्यली, अन् मी त्या पोरगीच्या दुसरीच्या वहीत, मागच्या कोऱ्या पानावर, तुले लिहून राह्यली. या लेकीले तू पाह्यलंच नाही. तू गेली तवा ती माह्या पोटात सहा महिन्याची होती. तू मले चौथीपर्यंत शाळेत धाडलं, त्याच्यावर आतापर्यंत बसच्या पाट्या वाचल्या अन् बियाण्याच्या पुड्या वाचल्या, एवढं मोठं काही लिवलं नाही. नात मघाशी डोकावून गेली, म्हणे, "आजी, तुझं अक्षर मेथीच्या मुळ्यांसारखं आहे." समोरचे दोन दात पडले आहेत तिचे, पण बोलायले कमी नाही. मले मात्र तिचं बोलणं एवढं गोड लागते का पाय दुखायचे थांबतात. थांबत नाहीत, पण इसरते.

दीड महिना झाला मी इकडंच आहे. म्हातारा तिकडं गावाले एकटाच मेथी-कोथिंबीर काढते, जुड्या बांधते अन् मंगरूळच्या बाजारात नेते. फोनवर इचारते, "कधी येतं?" मी म्हणते, "डॉक्टर म्हणन तवा." लेक माह्यी ब्लाउज शिवते. मोटारीची मशीन आहे तिच्याकडं, लग्नसराईत तिच्या दारात बाया ओळीनं बसत. दोन वर्षांमागं ते सारं हळूहळू बंद झालं. मशीनवर कापडाचे गठ्ठे तसेच पडून. आंघोळ नाही, जेवण नाही, इचारलं तर "हूं". पोरगी वेणी घालायले कंगवा घेऊन समोर उभी राहे, अन् ही तिच्याकडं पाहे, पण तिले दिसतच नसे. मंग पोरगी गुमान शेजारच्या काकूकडं जाय, मी आली असली का माह्याकडं. जावई चांगला आहे, त्यानं मनाच्या आजाराचा डॉक्टर केला. एक गोळी झाली, ती बदलून दुसरी झाली, महिन्यांमागून महिने गेले. एक दिवस भांडे घासता घासता लेक मले म्हणे, "आई, मी नसली तरी चालन तुमचं." म्या भांडं खाली ठेवलं अन् जावयाले बलावलं. त्यानं त्याच दिवशी डॉक्टरले फोन लावला.

मंग डॉक्टरनं हे नाकातलं औषध सांगतलं. माय, सुई नाही, सलाईन नाही, नाकात फुर्र करायची इवलीशी नळी. मले वाटलं, आणू घरी अन् देऊ सकाळ-संध्याकाळ. डॉक्टर म्हणे, "आजी, हे घरी मिळत नाही. इथंच यायचं, आमच्यासमोर घ्यायचं, अन् दोन तास इथंच बसायचं." आठवड्यातून दोनदा, असा एक महिना, मंग पुढचं पुढं. गोळ्या चालूच ठेवायच्या. सगळ्याइले गुण येतेच असंही नाही म्हणे. यायच्या आंधी दोन तास काही खायचं नाही, अर्धा तास पाणी नाही. पह्यले रक्तदाब पाहतात, चढेल असला तर औषध देतच नाहीत. घरी गेल्यावर रातभर झोप होऊन दुसरा दिवस उजाडेपर्यंत स्कूटी चालवायची नाही, शिलाई मशीनीले बी हात नाही. अन् संगं घरचं माणूस पाह्यजे. जावयाले दुकानातून आठवड्यात दोन सुट्ट्या कोण देते? मंग माह्याशिवाय कोण.

पह्यल्या दिवशी जावई होता. नर्सबाईनं लेकीले खुर्चीत अर्धवट मागं टेकवलं, नाक शिंकरायले लावलं. मी नळीकडं हात केला, म्हटलं, पह्यले हवेत उडवून पाहू चालते का, फवारणीच्या पंपाचं पाहतो तसं. नर्सबाई ओरडलीच, "मावशी, उडवू नका! त्यात दोनच वेळचं असते, एका नाकपुडीत एक." मंग मी म्हटलं, बरं, मी तिचं डोकं धरते. त्यावर ती म्हणे, "धरायचं नाही. नळी तिच्याच हातात. तिचं तिले घेऊ द्या, मी पाहून राह्यली." अन् लेकीनं आपल्या हातानं घेतलं, इकडं एक, तिकडं एक. पाच मिनिटं थांबून दुसरी नळी. घशात कडू उतरलं म्हणे.

थोड्या वेळानं लेकीची नजर बदलली. म्हणे, "आई, माझे हात लांब गेले. मी तिकडून पाहतेय तुमच्याकडं." जीभ जड, डोळे अर्धे मिटेल. माय, अंगात आल्यावर बाया अशाच बोलतात. पिशवीत मीठ-मोहरी असती तर म्या तिथंच दवाखान्यात उतरून टाकली असती. नर्सबाई म्हणे, "घाबरू नका, हे औषधाचं आहे. दीड-दोन तासांत उतरते. तिच्यासंगं हळू बोला, लाइट कमी करते." मी हळू बोलली. काय बोलावं सुचेना, तर वांग्याले कीड लागली ते सांगतलं. दोन तास होता होता हात परत आले तिचे. "आई, वांग्याचं किती सांगतेस," म्हणे.

तवा मले तू आठवली. खरं म्हणजे नर्सबाई "धरायचं नाही" म्हणाली, तवाच आठवली होती. मी अकरा वर्षांची आहे. तू चुलीजवळ बसेल आहेस, परातीत पीठ मळेल आहे, अन् त्या पिठावर पापुद्रा धरला तरी तुह्ये हात तसेच आहेत. बाबा म्हणतात, "भाकरी टाक ना वं," तू हलत नाहीस. असं किती दिवस चाललं मले सांगता येत नाही. मंग आत्यानं गावचा भगत आणला. त्यानं तुले ओसरीत बसवलं, निखाऱ्यावर लाल मिरच्या टाकल्या अन् म्हणे, हिच्या नाकात धूर गेला का आतलं बाहीर पडन. तू मान फिरवत होती. बायाइनं तुह्ये हात धरले अन् आत्या मले म्हणे, "तू माथं धर वं, तुह्यं आयकन ती." अन् म्या धरलं. दोन्ही हातानं. तू खोकलत होती, नाकाडोळ्यातून पाणी वाहत होतं, तू मले म्हटलं, "सोड वं बाई," अन् म्या नाही सोडलं. मले वाटलं, धरून ठेवली तर तू बरी होशीन अन् उद्या भाकरी टाकशीन. दुसऱ्या दिवशी तू भाकरी टाकली बी. साऱ्याइले वाटलं, गुण आला. मले आता वाटते, तू त्या धुराले भेली होती.

हे इतकं कळूनही म्या दुसऱ्या खेपेले घोळ केलाच. आपल्यात घरून चांगल्या कामाले निघताना हातावर दही-साखर देतात. त्या दिवशी लेक घाईत, "उशीर होतो" म्हणून दही न घेताच उंबरा ओलांडून गेली. माह्या जिवाले चैन पडेना. दही डबीत घेतलं, वर दोन पोळ्या. अकोल्याले दवाखान्याच्या दारात लिंबाखाली तिले थांबवलं, हातावर दही-साखर टाकलं. म्हटलं, खरं काम तर इथंच आहे, तर दही इथंच द्यावं. मंग पोळी बी भरवली. ती "आई, नको म्हटलंय ना त्यांनी," म्हणत होती. मी म्हटलं, "एवढ्याशानं काय होते? सकाळपासून पाण्यावर आहेस." आत नर्सबाईनं इचारलं, "काही खाल्लं?" लेक माह्याकडं पाहू लागली. म्या म्हटलं, "नाही बाई. उपाशीच आहे."

औषध घेतल्यावर अर्ध्या तासात तिले उलटी झाली. ती गुंगीत, मागं टेकेल, अन् उलटी गळ्याशी. आवाज कसा तरी आला अन् नर्सबाईनं धावत येऊन तिले कुशीवर केलं, तोंड साफ केलं. दुसरी बाई रक्तदाब पाहू लागली, तो बी वाढेल होता. मी भिंतीले टेकून उभी. रुमालावर दही पोळी सारं दिसून राह्यलं होतं, लपवू काय? नर्सबाई माह्याकडं वळली अन् म्हणे, "मावशी, मळमळ तर उपाशीपोटी बी होते कोणाकोणाले. पण पोटात अन्न असलं अन् गुंगीत ते छातीत गेलं, तर लेक हातची जाईन तुमची. मले खोटं काहून सांगतलं?" मंग खरं ते सांगून टाकलं, दही-साखर दिली म्हटलं. तिच्या बी गावाले असंच दही देत असतीन, तिचा राग एकदम उतरला. म्हणे, "द्या ना दही. घरून निघताना द्या, सहा वाजता. कोण नको म्हणते?" एवढं सोपं होतं, माय.

संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं आमाले. जायच्या आंधी डॉक्टरनं मले समोर बसवलं. तरणाच आहे, माह्या लेकीच्या वयाचा असन. रागावला नाही, कागद काढला अन् म्हणे, "आजी, पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, घरात आणखी कोणाला असा त्रास होता का. तुम्ही नाही म्हणाल्या. आज परत विचारतो." जावई नव्हता संगं, लेक बाहीर बाकड्यावर होती. पह्यल्या दिवशी मी नाही म्हटलं, कारण जावयासमोर तुह्यं नाव कसं घेऊ? सासरच्याइले म्या कधी सांगतलं नाही का माह्यी माय शेवटी घास घेत नव्हती. ताप आला अन् गेली, एवढंच सांगत आली. ताप होताच. पण तापाच्या आंधी दोन महिने तू जेवणच सोडलं होतं, हे मले आत्यानं बाळंतपणात सांगतलं होतं. सारं म्या डॉक्टरले सांगतलं, परात, पापुद्रा, मिरच्याचा धूर. माथं कोणी धरलं ते बी सांगतलं. तो लिहून राह्यला होता, तो थांबला. मंग म्हणे, "तुम्ही लहान होत्या. आणि त्यांना आजार होता, आजी. बाहेरचं काही नव्हतं." त्यानं कागदावर तुह्याबद्दल एक ओळ लिवली. म्या इचारलं, काय लिवलं? त्यानं वाचून दाखवलं: आईच्या आईला हाच आजार, उपचार झाला नाही. माय, साऱ्या गावानं तुले काय काय म्हटलं, पण आजारी आहेस असं कोणी पह्यल्यांदाच म्हटलं. बसमधे वाशीम येईपर्यंत मी ती एक ओळच मनात घोकत होती. लेकच मले इचारत होती, "आई, तुला बरं नाही का?" रात्री म्या तिले बी सारं सांगतलं. ती म्हणे, "मग मी तिच्यावर गेलेय का?" म्या म्हटलं, "गेलीस असशीन. पण तुह्या वेळेले दवाखाना आहे."

त्याच्यानंतर पाच-सहा खेपा झाल्या. एकदम काही झालं नाही, थकून जाते ती. औषधाच्या दिवशी डोकं गरगरते, दुसऱ्या दिवशी बी कधी शब्द सापडत नाही तिले. लघवीले जळजळ झाली तर सांगा म्हणतात, तेही मी लाज सोडून इचारते. चार दिवस बरे गेले का दोन वाईट येतात. मागच्या आठवड्यात मात्र नात कंगवा घेऊन माह्यासमोर उभी, अन् आतून आवाज आला, "इकडं ये." एवढी घट्ट वेणी घातली तिनं का पोरगी बोंबलली, "आई, डोळे ओढले जातायत!" लेक म्हणे, "मग हलू नकोस ना." मी तिकडं भाजी निवडत होती, मेथीचे डेखच टोपलीत टाकले अन् पानं कचऱ्यात. पोरगीनं दिवसभर ती वेणी मोडू देल्ली नाही. आता बाहुलीले नाकात औषध देते, खाल्लं का इचारते, अन् मंग मले म्हणते, "आजी, दोन तास हिला हात लावायचा नाही. मी बसलेय." अशी पोरगी पाहून माह्यं सारं थकेलपण… काय लिहू, हसू येते एकटीलेच. म्हातारपणात देवानं मले भलती चैन देल्ली.

आज आठवी खेप होती. डॉक्टर म्हणे, आता आठवड्यातून एकदा करून पाहू, मंग ठरवू. बरी झाली असं तो म्हणला नाही, मी बी इचारलं नाही. हे पत्र कुठं धाडायचं नाही, पान फाडलं तर नात रागावन, म्हणून वहीतच राहू देते. एक सांगायचं राह्यलं. घरच्या माणसानं दोन तास जागं राहून पाहायचं असते, त्याच भरवशावर मले आत बसू देतात. पण आज माय, चार वाजताची उठेल, बसचे धक्के, अन् त्या खोलीतला पंखा. बसल्या जागी माह्यी मान पडली. नर्सबाई होती तिथं, काही बिघडलं नाही. जाग आली तवा दोन तास होत आले होते, अन् लेक उठून माह्याच बाजूच्या खुर्चीत बसेल होती, हातातल्या फायलीनं मले वारा घालत. नर्सबाईले हळूच म्हणत होती, "उठवू नका, ती दमलीय." मी जागी झाली होती, माय. पण डोळे उघडले नाहीत. बस निघून जाईन हे माहीत असून बी, अजून थोडा वेळ तशीच राह्यली.