अप्पांनी धरलेला पेपर

बिदर, रविवार, संध्याकाळ

या नव्या वसाहतीत फुकट जीव रमवायला एकच जागा, वाचनालय. तिथं मराठी पेपरही एकच. आज शेजारच्या अप्पांनी स्वतः वाचून झाल्यावर तो माझ्यापुढं धरला. मी नुसता उभा. ते बाकावर ठेवतील, मग उचलू, असं वाटलं. गावी दुकानदार आमच्या हातात काही देत नसे, खाली ठेवायचा.

"घ्या की, कामून थांबलाव?" अप्पा म्हणाले.

घेतला, पण एक ओळ डोक्यात शिरली न्हाई. बौद्ध होऊन बारा वर्षं झाली, तरी हात कामून थांबला? अप्पांना कळलं असेल का?

उद्या धाकट्या लेकीला सोबत नेतो. ती पेपर त्यांच्या हातातून ओढूनच घेईल.