जानवशाच्या खोल्या

३ फेब्रुवारी, मंगळवार

बाकी सगळं निभावलं आणि घोडं अडलं हॉटेलवर.

क्रिकेट मंडळाचे परीक्षक सकाळपासून मैदानावर होते. दोन देशांच्या महिला 'अ' संघांचा सामना सव्वीस तारखेला सोलापूरला द्यायचा की पुण्याला, ते यांच्या अहवालावर ठरणार. खेळपट्टी वाकून पाहिली. दिवे लावून, घालवून पाहिले. रुग्णालयापर्यंत गाडी पळवून पाहिली. पाण्याचं विचारलं तेव्हा आमचे चेहरे उतरले – नळाला रोज पाणी न येणारं गाव आपलं – पण संघटनेचे सचिव आदिनाथ शहा यांनी मैदानाची भरलेली विहीर दाखवली. सुटलो.

मग हॉटेल. दोन्ही संघ, पंच, अधिकारी, सगळे एकाच छताखाली हवेत. त्या दिवसांत तिथं बाहेरचं दुसरं कुणी नको. त्यांच्या दर्जाचं, एवढ्या खोल्यांचं हॉटेल शहरात एकच – सात रस्त्याजवळचं, वीरभद्रप्पांचं. तिथं गेलो. अप्पा म्हणाले, "चोवीस-पंचवीसला निम्मं हॉटेल एका लग्नाला दिलंय."

"रद्द करा," परीक्षक म्हणाले.

"शब्द दिलाय साहेब. त्यांनी सोडलं तर सुटेल. मी काढणार नाही."

बोलताना अप्पांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. उपकारच.

ते लग्न माझ्या वैष्णवीचं आहे.

मंडळानं सोमवारपर्यंत मुदत दिलीय. बातमी वेळेत दिली. 'एका खासगी समारंभासाठी खोल्या आधीच राखीव' असं लिहिलं. खोटं काही नाही त्यात. इतकी वर्षं क्रीडापान सांभाळतेय, पण त्या ओळीवर हात थबकला.

४ फेब्रुवारी

आदिनाथ घरी आले. चहा घेतला. आणखी अर्धा कप मागून घेतला. लग्नाची तयारी विचारली, आचारी कोण विचारलं. मैदान, सामना – अक्षर नाही. चपला घालताना म्हणाले, "ताई, तुमचा तो लेख मी ऑफिसात लावलाय. 'पाहुणा आला तर सोलापूर स्वतःचं अंथरूण काढून देईल.' रोज वाचतो."

"अंथरूण माझं असतं तर आत्ता दिलं असतं, आदिनाथभाई. व्याह्यांचं आहे."

मान हलवून गेले. माणूस वाईट नाही. अडलेला आहे.

नवऱ्याला, अभिमन्यूला, सांगितलं. त्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलंच नाही. "आबासाहेबांनी आपल्याकडं काय मागितलं? हुंडा नाही, सोनं नाही. वऱ्हाडाला उतरायला जानवसा तेवढा नीट द्या म्हणाले. आता तोच काढून घ्यायचा?"

खरं आहे. त्यांच्या थोरल्याच्या लग्नात मुलीकडच्यांनी वऱ्हाड शाळेत उतरवलं होतं. पहाटे अंघोळीला पाणी नाही. आबासाहेबांच्या आई, दगडाबाई, पारोशा अंगानं मांडवात बसल्या. सुपारी फुटली त्या दिवशी म्हातारीनं ते सगळं पुन्हा सांगितलं – माझ्याकडे बघत. मी तिथल्या तिथं म्हटलं होतं, "आजी, खोलीत नळ फिरवला की गरम पाणी."

५ फेब्रुवारी

मैदानावर सुकन्या भेटली. मंद्रूपची. भारत 'अ' संघात निवड झालेली आपली एकुलती एक. घरची मेंढरं आहेत. आई बनाबाई आज मुद्दाम बाजार सोडून मैदान बघायला आली होती. सीमारेषेच्या दोरीबाहेरच उभी, आत पाऊल टाकेना.

"बाई, म्याच हितंच हाय नव्हं?"

"अजून ठरायचंय."

"कुनाच्या तरी लग्नापायी अडलंय म्हनं. कुनाचं ओ?"

सुकन्यानं "आये, गप" म्हटलं. तिला माहीत होतं. मी म्हटलं, "माझ्या मुलीचं."

बनाबाई म्हणाली, "मग लगीन मोटं. म्याच काय, पुण्याला हुईल. मला कोन नेनार हाय तितं, ती गोष्ट येगळी."

यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

व्हॉट्सॲपवर फिरतंय. 'शहाण्या लेखिकेचंच लग्नघर आडवं.' संपादकांनी बोलावलं. काही विचारायच्या आत मीच म्हटलं, "उद्याच्या अंकात नावासकट देते." पान सोडायला तास उरला होता. लिहिलं – त्या खोल्या माझ्या मुलीच्या लग्नातल्या वरपक्षासाठी घेतलेल्या आहेत. त्या सोडाव्यात का, याचा कुटुंब विचार करीत आहे. चार वाक्यं. स्वच्छ. पान वेळेत गेलं.

आता जरा हलकं वाटतंय.

७ फेब्रुवारी

मूर्ख. मूर्ख.

उजाडायच्या आत फोन. आबासाहेब.

"पेपर वाचला. पयल्या गाडीनं येतो आमच्याकडं, तुमाला ठावं हाय."

"आबासाहेब, मी आज फोन करणारच –"

"आमचा जानवसा ऱ्हातोय का जातोय, ते आमाला पेपरातनं कळायचं व्हय? आन् गावाला आमच्या आधी?" फोन बंद.

वेळेत पान सोडलं आणि माणसं राहिली. वैष्णवी दारात उभी होती. "मला तरी विचारलं होतंस का, आई?" विचारलं नव्हतं. तिच्या लग्नाचा 'कुटुंब विचार करीत आहे', आणि त्या कुटुंबात ती नव्हती!

दहाची एसटी धरून एकटी मंगळवेढ्याला गेले. रस्ताभर दोन्ही अंगांना ज्वारी काढणीला आलेली. एरवी बघत बसले असते.

आबासाहेबांनी "या, बसा" म्हटलं. पाणी दिलं. चहा नाही. जावई ऋतुराज घरात असून बाहेर आला नाही. मी माफी मागितली. खोल्या कशासाठी हव्यात ते सांगितलं, बनाबाईचंही सांगितलं. सोडा असं म्हणाले नाही. तुम्ही म्हणाल तसं, एवढंच म्हणाले.

आबासाहेब म्हणाले, "म्हंजे नाय म्हनलं तर आमी सोलापूरचं वाटुळं केलं. व्हय म्हनलं तर वऱ्हाड पुन्यांदा शाळंत. लई भारी पेचात टाकलंसा की, ताई."

आतून दगडाबाईंचा आवाज आला, "आन् त्या खेळनाऱ्या पोरी कुटं निजत्याल, खोल्या न्हाय मिळाल्या तर?"

"सोलापूरला येणारच नाहीत, आजी. पुण्याला जातील."

"का? सोलापुरात जागा न्हाय?"

आबासाहेब दारापर्यंत आले. "सांगतो."

८ फेब्रुवारी

फोन नाही. वैष्णवी ऋतुराजला लावते, तो उचलत नाही. अभिमन्यू माझ्याशी बोलत नाही. आदिनाथ दोनदा गल्लीवरून स्कूटरनं गेले, थांबले नाहीत.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज मुदत. ऑफिसला गेले नाही. फोन समोर ठेवून मेथी निवडत बसले. निवडलेली पुन्हा निवडली.

दुपारी आबासाहेब.

"अप्पाला सांगा, खोल्या दिल्या म्हनून."

मी हातातली मेथी खाली ठेवली. त्यांना वाटलं फोन कटला. "ऐकताय न्हवं? पन आमी जानवशाला यायचो न्हाय. लगीन आमच्या दारात. तारीख तीच, मुहूर्त तोच. तुमी पोरीला घिऊन हिकडं या. आता पाव्हनं तुमी. जानवसा आमी देनार."

"कुठं?" तोंडातून गेलंच.

"शाळंत," म्हणाले. आणि पहिल्यांदाच हसले. "बघू दे की कसं वाटतंय ते."

वैष्णवीला लगेच विचारलं. आधी तिला, मग अभिमन्यूला, मग अप्पांना. ती म्हणाली, "ऋतुराजनं सकाळीच विचारलं मला. मी हो म्हटलंय." मला सोडून सगळ्यांनी सगळ्यांना विचारलं होतं.

अप्पांना कळवलं. आदिनाथ फोनवर रडले बहुतेक. सर्दी झालीय म्हणाले.

१० फेब्रुवारी

मंडळाकडून काही नाही.

११ फेब्रुवारी

मंडळाकडून काही नाही. मंगळवेढ्याहून मात्र सकाळपासून फोन. "तुमच्यात जिना न चढनारी किती? त्यास्नी खालचं वर्ग." "शुगरवाली किती? चहा येगळा." "रातच्याला लाइट गेली तर जनरेटर सांगितलाय, पन पोरं भित्यात का आवाजाला?" परीक्षकांनी मैदानावर इतकं विचारलं नव्हतं. दगडाबाईंनी शाळेमागं चुली मांडून घेतल्यात, मोठाली तपेली मागवलीत. पाणी पहाटेपासून उकळत राहणार; मुलीकडचं एक माणूस पारोसं मांडवात येता कामा नये. पोरं भिंती रंगवतायत.

अभिमन्यू आज बोलला. "आपल्याला असं जमलं असतं का गं?" म्हणाला.

१३ फेब्रुवारी

संध्याकाळी मंडळाचा निरोप आला. सामना सोलापूरलाच! आणि खाली एक ओळ – 'प्रक्षेपणाच्या सोयीसाठी तारीख पाच मार्च.' अट एका खोलीनं सैल होत नव्हती, तारीख मात्र एका ओळीत सरकली. पंचवीसला हॉटेल रिकामं. अप्पांनी फोन केलाच: "तुमच्या खोल्या मोकळ्या झाल्या. हव्या तर सांगा, लगेच देतो."

बातमी द्यायला तास होता. आधी वैष्णवीला सांगितलं. मग मंगळवेढ्याला फोन लावला. आबासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मागून बादल्यांचा आवाज येत होता.

"तुमच्या मंडळावानी आमी तारखा-जागा हलवत न्हाय," म्हणाले. "रंग वाळायलाय. शाळंतच या."

मग बातमी लिहिली.