मेनसाठी पोटदुखी

वॉशिंग्टन, २० फेब्रुवारी १८२०

सिनेटने आमच्या मेनचं मिसूरीशी लग्न लावून टाकलं! आम्हाला मॅसॅच्युसेट्सपासून वेगळं राज्य हवं, तर मिसूरीत गुलामगिरी चालू द्या. चार मार्चच्या आत झालं नाही, तर मॅसॅच्युसेट्सने दिलेली मोकळीक संपली – पुन्हा त्यांच्याच दारात. हिटी लिहिते, "राज्य घेऊनच या, शेजारी रोज विचारतात." पत्र बायकोचं, सूर मतदारांचा!

२४ फेब्रुवारी

दिवसभर भाषणं. कान किटले. जेवायला पुन्हा हॅम.

२६ फेब्रुवारी

क्वार्ल्सबाईंच्या खाणावळीत आम्ही काँग्रेसचे सभासद राहतो, जेवतो. स्वयंपाक त्यांची गुलाम डॉर्कस करते. आज ती सरपण ठेवायला आली, दार लोटून घेतलं आणि सांगू लागली. बाईंचा भाऊ मिसूरीत शेती करायला निघालाय. तिकडे गुलाम नेता आले, तर डॉर्कसच्या मुलीला, लेटीला, घेऊन जाणार. नाहीतर तो जाणारच नाही.

"तुमचं एक मत असतं ना, साहेब?"

"एकच."

"मग पुरे."

मी होकारार्थी मान हलवली. कशाला हलवली!

२९ फेब्रुवारी

व्हर्जिनियाचा सभासद टॉलिव्हर, गुलामगिरीच्या बाजूचा, माझ्या शेजारी जेवतो. आज स्वतः माझ्या ताटात हॅम वाढत म्हणाला, "अहो, आमच्या बाजूने मत द्या असं कोण म्हणतंय? नुसते मतदानाला येऊ नका! आजारी पडायला काय परवानगी लागते?" सगळे हसले. मीही हसलो. डॉर्कस मागे भांडं घेऊन उभी होती.

विरोध केला तर मेन बुडतं. बाजूने मत दिलं तर आरशात बघायची सोय उरत नाही. सुटायची वाट एकच, आणि ती त्या हलकटाने दाखवलेली! लाज वाटते.

२ मार्च

पोट दुखतंय म्हणून सांगितलं. दुखत नव्हतं. बाकीचे सभागृहात गेले. एकदा आजारी म्हटल्यावर खिडकीतही उभं राहता येईना. पांघरुणात घामाघूम.

डॉर्कस आल्याचा काढा घेऊन आली. मध घातलेला.

"आज मत आहे ना, साहेब?"

"उठवत नाही गं."

"मी धरते ना. जिना सावकाश उतरू. गाडी जोडायला सांगते."

मी भिंतीकडे तोंड केलं. तिने काढा उशाशी ठेवला.

संध्याकाळी टॉलिव्हर दारातूनच ओरडला, "तीन मतांनी जिंकलो! तुमच्यासारखे आणखीही होते आजारी!"

माझ्या एकट्याने काय झालं असतं? काही नाही. काहीच नाही!

३ मार्च

मेनचं काम झालं. हिटीला कळवलं. गावात घंटा वाजवतील, मला खांद्यावर घेतील. घरी जायची भीती वाटते.

११ मार्च

बाईंचा भाऊ सकाळी निघाला. गाडीत मागे लेटी.

डॉर्कसने नाश्ता वेळेवर वाढला. सगळ्यांना कॉफी. माझ्यापुढे, न मागता, काढा.

"आता बरं आहे ना पोट, साहेब?"