मोन्हितांची निरवानिरव

मी, खाली सही करणार, लिब्रादा एस्केर योकुपिसिओ, कै. आन्सेल्मो बुइतिमेआ यांची पत्नी, वय त्र्याहत्तर, निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, राहणार लास पितायास, आलामोसजवळ, राज्य सोनोरा, आज नोटरींसमोर बसून माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. मूत्रपिंडांबद्दल तसं म्हणता येणार नाही, आणि त्यांच्याबद्दल डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला नीट कळलेलं आहे. कोणाचा धाक नाही, कोणाचा आग्रह नाही. सप्टेंबरात नोटरी मृत्युपत्रं निम्म्या दरात करतात म्हणून बाहेरच्या बाकावर आमच्या गावातले अर्धे म्हातारे बसले आहेत. मीही त्यांतलीच एक. याआधीचं माझं कोणतंही मृत्युपत्र नाही.

कलम पहिले. माझं राहतं घर, परसदार, विहीर आणि विहिरीच्या पाण्याचा हक्क माझी एकुलती मुलगी हासिन्ता बुइतिमेआ एस्केर हिला देत आहे. ती सीमेपलीकडे तूसॉनला असते, तिथल्या वृद्धाश्रमात परिचारिका आहे. हासिन्ता, घर ठेव अशी अट मी घालत नाही. विकायचं तर वीक. परसातले सिमेंटचे दोन हौद तुझ्या वडिलांनी स्वतःच्या हातांनी बांधले. गवंडी होता तो, आणि अजून एका थेंबाची गळती नाही. पण ते फोडू नकोस असंही मी म्हणणार नाही. त्यांत पाणी भरून ठेवायचं कारण आता उरलेलं नाही.

कलम दुसरे. माझ्या दफनाचा खर्च जाऊन बँकेत जे राहील ते हासिन्ताच्या दोन्ही मुलींना सारखं वाटून द्यावं. मुलींना माझी भाषा येत नाही. फोनवर त्या 'ओला, आजी' एवढा नमस्कार करतात आणि मग दोन्हीकडे शांतता पसरते. त्यांना एवढंच सांगावं की ती शांतता मला कधी नकोशी झाली नाही. मला आन्सेल्मोशेजारी पुरावं. बँडवाले बोलावू नयेत.

कलम तिसरे. माझा सूक्ष्मदर्शक गावच्या माध्यमिक शाळेला देत आहे. तो मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद राहू नये. मुलांनी हाताळावा, मोडला तरी चालेल. ज्या मुख्याध्यापकांनी रंगकामाच्या वेळी माझ्या माशांच्या बरण्या 'वास येतो' म्हणून ओढ्यात रिकाम्या केल्या, त्या डॉन क्रिसोफोरो यांना मी काहीही ठेवत नाही. त्यांचं नाव नजरचुकीनं राहिलेलं नाही.

कलम चौथे. आता मासे. नोटरीसाहेब म्हणाले, "बाई, मासे ही काय मिळकत झाली का? एका ओळीत उरका." पण हे एका ओळीत उरकत नाही. वर लिहिलं ते सगळं मी गेल्यावरही कोणी ना कोणी निस्तरेल. याचं तसं नाही, म्हणून तपशिलानं लिहिते.

आमच्या ओढ्यात बोटाच्या पेराएवढा एक मासा होता. करडा, दिसायला अगदी सामान्य. अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देतो. त्यात नर नाहीच, सगळ्या माद्या. म्हणून गावात त्यांना मोन्हिता म्हणत, मठातल्या लहानग्या बाया. केव्हातरी ओढ्याच्या वरच्या डोहांतली एक जात आणि खालच्या पाण्यातली दुसरी जात यांच्या संकरातून त्या जन्मल्या. पिल्लं होण्यासाठी त्यांना खालच्या जातीचा नर लागतो. त्याचा वाटा मुलीच्या अंगात उतरतो, तिच्या रंगात, तिच्या ठेवणीत. पण तीच मुलगी आपली अंडी तयार करते तेव्हा बापाकडून आलेलं सगळं वगळते. पुढे जातं ते फक्त आईकडचं, जसंच्या तसं. पुढच्या पिढीला पुन्हा परका नर, पुन्हा तेच.

विद्यार्थिनी असताना मी त्या पहिल्यांदा पकडल्या आणि पुढचं सगळं आयुष्य त्यांच्यामागे गेलं. एका हौदात मोन्हिता, दुसऱ्यात त्यांना लागणारे नर आणि त्या नरांच्या स्वतःच्या माद्या.

हासिन्ता लहान होती तेव्हा हौदाच्या काठावर बसून तिनं विचारलं होतं, "आई, मग बापाचं पुढे काय होतं?"

"काही नाही. मुलीपुरता असतो. नातीत त्याचं काही उरत नाही."

आन्सेल्मो तिथेच सिमेंट कालवत होता. तो म्हणाला, "ऐकलंस ना पोरी? मी आहे तोवर लाड करून घे." सगळे हसलो. त्यानंतर लवकरच तो छातीच्या दुखण्यानं गेला. पोर पुन्हा हौदाशी आली आणि म्हणाली, "माझ्यातनं पण बाबा निघून जातील?" मी म्हटलं, "आपण मासे नाही गं." तिनं मान हलवली, पण हौदाकडे यायची ती बंद झाली. ती दूर गेली याचं कारण हेच, असं मी म्हणत नाही. इथं तिच्यासाठी काम नव्हतं.

एक मार्ग मी त्या वर्षांत चाचपून पाहिला होता, तोही लिहून ठेवते. उद्या कोणी शहाणा म्हणेल, वरच्या डोहांतले, आईकडच्या जातीचे नर का नाही दिले? दिले. पहिली पिढी छान झाली, त्यात मुलगेसुद्धा होते, पण त्या मोन्हिता राहिल्या नाहीत, वरच्या डोहांतले साधे मासे झाले. त्यांची पिल्लं मात्र पोटातच वेडीवाकडी होऊन मेली. आईकडचं जसंच्या तसं पुढे देताना पिढ्यान्‌पिढ्यांचे दोषही जसेच्या तसे साठले होते. खालच्या जातीचा नर होता तोवर ते झाकलेले होते.

तो नर ओढ्यातून गेला तो माझ्या धाकट्या भावामुळे, वेन्सेस्लाओमुळे. घरात आम्ही त्याला चेलाओ म्हणतो. तो नगरपालिकेत होता. खाण बंद पडून गावाचे हाल चालले होते, तेव्हा त्यानं सरकारी योजनेतून तिलापिया आणून डोहात सोडला. महापौर आले, बँड आला, ओढ्याकाठी मासे तळले. मी सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, "हा राक्षस आहे, चेलाओ. बारकं काही शिल्लक ठेवणार नाही."

"ताई, लोकांना खायला मासा नको का? तुझे ते बोटाएवढे मासे कोण खाणार?"

"खायला नाहीतच ते."

"मग कशाला आहेत?"

घरी येऊन मी दार लावलं. तो समोरच्याच घरात राहतो, पण त्यानंतर कित्येक वर्षं मी त्याचं तोंड पाहिलं नाही. तिलापियानं दोन पावसाळ्यांत नर संपवले. मग दुष्काळात तिलापियाही संपला आणि पाणीही. राहिले ते माझ्या हौदांतले.

या वर्षी फेब्रुवारीत, मी ओब्रेगोनला इस्पितळात असताना, हिमकडाका पडला. आमच्याकडे असं कधी होत नाही. शेतंच्या शेतं काळी पडली. आपल्या गुरांच्या डोणीवर बर्फ धरलेला पाहून चेलाओनं शेजारच्या पेत्राकडून माझी किल्ली घेतली, मिळतील तेवढे टप आणि बादल्या भरून मोन्हिता स्वयंपाकघरात आणल्या आणि चूल विझू दिली नाही. मग टोपी हातात घेऊन तो इस्पितळात आला. थंडीनं हात फुटले होते.

"ताई, तुझ्या बाया वाचल्या. एकूण एक."

मी उठून बसले. "आणि दुसरा हौद?"

"टप संपले गं. त्यात ते नरच होते ना, आणि कसल्या कसल्या साध्या माद्या. म्हटलं, बापई मेले तर मेले. तूच पोरीला सांगायचीस, बापाचं काही उरत नाही म्हणून. समोर ऐकू यायचं मला."

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. इतक्या वर्षांनी आम्ही एकमेकांसमोर होतो, आणि त्यानं त्याला जे मोलाचं वाटलं ते वाचवलं होतं. मी म्हटलं, "चांगलं केलंस, चेलाओ." तो पलंगाच्या कडेला बसला आणि रडला.

घरी आल्यावर त्याच्याच गाडीतून मी खालचे सगळे डोह पालथे घातले. नमुने हवेत, असं त्याला सांगितलं. काही ठिकाणी कोरडा गाळ होता, काही ठिकाणी पाण्यात नुसते बेडूक. परदेशातल्या एका विद्यापीठात आमच्याच ओढ्यातले नर पाळलेले होते. तिथं फोन केला. एक मुलगी फार आपुलकीनं बोलली. प्राध्यापक निवृत्त झाले तेव्हा टाक्या रिकाम्या केल्या, म्हणाली, काही मासे अल्कोहोलमध्ये ठेवले आहेत, ते हवेत का? मी तिचे आभार मानले.

चेलाओ मला म्हणायचा, "पण तुला आता आणखी मासे कशाला हवेत? पिल्लं तर होताहेत." होत होती. ही मादी नराचं बीज पोटात काही महिने साठवून ठेवते, त्यावर होत होती. ऑगस्टपासून एकही झालेलं नाही.

कलम पाचवे. वरील मोन्हिता, त्यांचे टप, जाळी आणि माझ्या मनात त्याच्याविषयी असलेली अढी, जी मी याद्वारे रद्द करत आहे, हे सर्व माझा भाऊ वेन्सेस्लाओ एस्केर योकुपिसिओ याला देत आहे. सकाळी चिमूटभर मक्याचं पीठ, आठवड्याला थोडं पाणी बदलावं. विहिरीचंच घालावं, नळाचं नको.

नोटरींना माझी विनंती अशी की कलम चौथे वेन्सेस्लाओसमोर वाचू नये. त्याला फक्त पाचवं वाचून दाखवावं. मासे एकेक करून जातील, वर्ष-सव्वा वर्षात शेवटचा जाईल. तो विचारायला आला, तर त्यांचं वय झालं होतं असं सांगावं. ते खोटं नाही. हासिन्ता, तू चौथं वाचशील. तूही बोलू नकोस.

तो आत्ता बाहेर गाडीत बसला आहे. त्याला हिस्सा मिळणार असल्यानं साक्षीदार म्हणून आत येता येत नाही, हे बरंच आहे. येताना वाटेत तो म्हणाला, "ताई, निळ्या टपातली एक पोटुशी दिसतेय. चांगलं पोट आलंय." ती मी सकाळीच पाहिली होती. तिला जलोदर झाला आहे, खवले उभे राहिले आहेत. मी त्याला म्हटलं, "असेल."

हे सर्व मला वाचून दाखवण्यात आलं, मी म्हटल्याप्रमाणेच उतरलं आहे, आणि यात मला काही फिरवायचं नाही.

लिब्रादा एस्केर योकुपिसिओ (सही)

आमच्यासमोर, एकमेकांच्या उपस्थितीत सही केली:
१. पेत्रोनिला सासुएता, शेजारीण, राहणार लास पितायास (अंगठा)
२. एव्हारिस्तो ग्राखेदा, शिक्षक, राहणार आलामोस (सही)

स्थळ: आलामोस, सोनोरा
दिनांक: २२ सप्टेंबर २०११